बसलंय

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — राहू दे, सांगतो.

सांगलीच्या एका कॉम्प्युटर क्लासात आम्ही सर्टिफिकेटच्या परीक्षेची तयारी करायचो. मी कडेगावचा, यास्मिन रहिमतपूरची. ती रोज रेल्वेनं यायची. वडील शिंपी, घरच्यांशी भांडून त्यांनी तिला पाठवलेलं. पास झाली तर नोकरी, नाहीतर लग्न — तिच्यापुढं तिसरं काही नव्हतंच.

एक दिवस सर बाहेरगावी होते आणि सर्व्हरमधला स्टोरेज कंट्रोलर, म्हणजे सगळ्या डिस्क सांभाळणारं कार्ड, रुसलं. मधेच उत्तर द्यायचं, मधेच गप्प. मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, "कार्ड बसलंय का?" मी म्हणालो, "व्हय सर, बसलंय."

आता आमच्याकडं मोटर बसली म्हणजे काय? मेली! सर विचारत होते ते खाचेत घट्ट बसलंय का. मी झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. ते म्हणाले, "मग सेटिंग बिघडलंय. सगळं पुसून नव्यानं मांडा." मी यास्मिनला तसं सांगितलं, तिनं बटण दाबलं. एका स्टुडिओवाल्यानं ठेवायला दिलेले लोकांच्या लग्नाचे फोटो त्यातच होते. गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी झाकण काढून कार्ड अंगठ्यानं दाबलं. टक् झालं, दिवा लागला. "बसलंय म्हणून कोण म्हणालं?"

इथपर्यंत चूकच होती हो. कुणाचीही होते. पण मी म्हणालो — "यास्मिननं बघितलं, सर. मी नुसता फोन धरला होता."

"मी न्हाई बघितलं!" ती म्हणाली. पण बटण तिनंच दाबलेलं. सरांनी तिला क्लासातून काढलं.

एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी बोललो असतो. पण तिचे अब्बा आले. सरांकडं गेलेच नाहीत, जिन्यात माझी वाट बघत उभे होते. माझा हात धरला. "बाळा, घरात समदी तिलाच बोलत्यात. ती म्हणती, मी न्हाई. तू सांगशील ते मी मानीन. माजी पोरगी खोटं बोलती का रं?"

काय अवघड होतं? एक 'न्हाई' म्हणायचं. मी माझा हात सोडवून घेतला.

"व्हय चाचा," मी म्हणालो. "खोटं बोलती."