दहा लाख अठरा हजार एक्याऐंशी

पत्नी गेली त्या दिवशी मी तिच्या उशाशी बसलो होतो. पुढच्या आठवड्यात तिच्या जुन्या विद्यार्थिनी भेटायला आल्या. एकीने विचारलं, तुमचं लग्न जमलं कसं? मी म्हटलं, एका संख्येवरून मोडता मोडता.

नवे पैसे नुकते रुळू लागले होते तेव्हाची गोष्ट. मी अकोल्याला शाळेत गणित शिकवत होतो. मुलगी अमरावतीची, राजापेठेतली. वडील वकील, ती गणित घेऊन बी.ए. झालेली. मुलगी पाहायला माझ्यासोबत मामा होते, हिवरखेडचे शेतकरी. मुलगी बाहेर आली आणि मला पसंत पडली. आता होकार तिकडून यायचा होता.

मुलीला प्रश्न विचारायची रीत होती. स्वयंपाक, शिवण विचारून झाल्यावर मामा म्हणाले, "गणित शिकली म्हणतेत. त्यातलं सांग ना मंग काही."

"दहा लाख अठरा हजार एक्याऐंशी," ती म्हणाली. "ही मूळ संख्या आहे. मी स्वतः पडताळली."

"म्हंजे?"

"एक आणि ती स्वतः सोडून कशानंच तिला पुरा भाग जात नाही."

तिने रीतही सांगितली. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे. एक्याऐंशीतून अठरा वजा, वर एक मिळवला की चौसष्ट. चौसष्टला सात, अकरा, तेरा यांनी भाग जात नाही, म्हणून त्या मोठ्या आकड्यालाही नाही. पुढे हजारापर्यंतच्या साऱ्या मूळ संख्यांनी तिने उन्हाळ्याच्या सुटीत भागून पाहिलं होतं.

मी त्याच आठवड्यात शाळेत दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग करायचं सूत्र शिकवलं होतं. हजाराचा वर्ग दहा लाख, हजार गुणिले नऊची दुप्पट अठरा हजार, नऊचा वर्ग एक्याऐंशी. हा तर हजार अधिक नऊचा वर्ग. हजारानंतरची पहिलीच मूळ संख्या एक हजार नऊ, आणि मुलगी भागत भागत हजारावरच थांबली होती.

गप्प बसावं हे कळत होतं. चारचौघांत मुलीची चूक काढली की स्थळ गेलंच. पण हिच्याशी गप्प बसून संसार सुरू करावासा वाटेना.

"एक हजार नऊनं भाग जातो," मी म्हणालो.

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. ती उठून आत गेली.

"काहून बा," मामा म्हणाले, "पोरगी पाहाले आला का पेपर तपासाले?" त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "चाल आता. झालं तुह्यं लगन."

ती पाटी घेऊन परत आली. पाटीवर गुणाकार मांडलेला होता.

"तुमचं बरोबर आहे," ती मला म्हणाली. "म्हणजे हिला तीनच भाजक. एक, एक हजार नऊ आणि ती स्वतः. अशा संख्या मूळ संख्यांहूनही विरळ." मग वडिलांकडे वळली. "बाबा, यांना जेवायला थांबवून घ्या."

अकोल्यात आम्ही दोघांनीही गणित शिकवलं, एकमेकांच्या चुका काढत. दिवस सुखात गेले. अजून दुपारी मी एखादी संख्या घेऊन बसतो. उत्तर येतं. ते तपासायला घरात दुसरं कोणी नाही.