किनारा पुन्हा मीच निवडायचा

मंडळी, आज सकाळी माझी वहिनी झरीहून परभणीला माझ्याकडं आली. चपला काढता काढताच म्हणाली, "ताई, पोरीला समुद्र दाखवायचाय. तिचा बाप गेल्यापासून ती बादलीतल्या पाण्याला बी भ्यायलीय. जागा तुमी बघा."

दोन वर्षांपूर्वी दादा मित्रांसोबत कोकणात गेला, तेव्हा किनारा मीच सुचवला होता. मोबाइलवर फोटो बघून. स्वच्छ वाळू, गर्दी अजिबात नाही. दादा तिथंच बुडाला. पट्टीचा पोहणारा होता, पण आमच्या विहिरीतला.

"मी कशी बघू?" मी विचारलं.

"आता तुमीच नीट बघताल," वहिनी म्हणाली.

मग कोकणात घरगुती खोल्या देणाऱ्या एका काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "किनारा स्वच्छ आहे आणि पाण्यात कोणीच नाही, तर त्याला काहीतरी कारण असतं. आमच्या गावची माणसं पोहतात तिथंच उतरा. जीवरक्षक आहे का बघा. ओहोटी लागली की लगेच बाहेर या."

मी सगळं कागदावर लिहून घेतलं. लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं. काहीच आलं नाही. वहिनीनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आम्ही चहा प्यालो आणि दिवाळीनंतरची तीन तिकिटं काढली.

तुमच्यापैकी कोणी समुद्राजवळ राहत असेल तर एवढंच सांगा. लाट आली की नऊ वर्षांच्या पोरीला कसं धरायचं?