पालकाच्या रकान्यातली सही

१९९८, जुलैतला एक गुरुवार. मी स्वयंपाकघरात जमिनीवर कागद पसरून सुका जवळा निवडत होते. सातवीतली मुलगी शाळेतून आली, दप्तर दारात टाकलं आणि थेट मोरीत पळाली. रोज अशीच पळायची. तिच्या शाळेत मुलींच्या संडासाला कुलूप असे. मुली घाण करतात आणि वर पाणी पुरत नाही, असं शाळेचं म्हणणं. त्यामुळे सकाळी सातपासून घरी येईपर्यंत ती पाण्याचा घोट घेत नसे. पावसाळ्याआधी दोनदा तिला लघवीच्या जंतुसंसर्गाचं औषध झालं होतं. पुन्हा आलात तर मुलीला नाही, शाळेला सुई टोचीन, असं डॉक्टरांनी मला सुनावलं होतं.

तिच्या दप्तरातून चिठ्ठी निघाली. पालक-शिक्षक संघाच्या उपाध्यक्षाची निवडणूक, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता. खाली बारीक अक्षरात : मतदानाचा हक्क फक्त प्रवेश अर्जावर नोंद असलेल्या पालकास.

आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या अर्जांवर नवऱ्यांची नावं. आणि शुक्रवारी अकरा वाजता सगळे नवरे मुंबईत, आपापल्या टेबलाशी. शाळेच्या प्रत्येक सभेला आम्ही बायकाच जायचो, बाई ओरडायच्या त्या आमच्यावरच. मत मात्र नाही.

उमेदवार दोन. एक शाळेसमोरचा वह्या-पुस्तकांचा दुकानदार. दुसरी वसईकडच्या वाडीतली बाई, केळी आणि भाजी लावणारी. निवडून आले तर पहिलं ते कुलूप काढीन, असं ती उघड सांगत होती. तिचा नवरा वारला होता, म्हणून तिचं नाव पालक म्हणून लागलेलं.

“इथे मत द्यायला आधी नवरा घालवावा लागतो,” ती आम्हाला म्हणाली. “तुम्ही घाई करू नका.”

रात्री मी यांना अर्धा दिवस रजा टाकायला सांगितलं.

“अगं, संडासासाठी रजा? साहेबांना काय सांगू?”

“पोट बिघडलंय म्हणून सांगा.”

कटकट करत का होईना, शुक्रवारी हे आले. शाळेच्या पायऱ्या चढताना मला हळूच विचारलं, “तुकडी कुठली तिची?” मी सांगितली. दारात टेबल टाकून शाळेचे लेखनिक बसले होते, पुढ्यात प्रवेश अर्जांचा गठ्ठा. प्रत्येकाने आधी सही करायची, ते ती अर्जावरच्या सहीशी ताडून बघणार, मग मतपत्रिका देणार. यांनी सही केली. लेखनिकांनी अर्ज जवळ घेतला, लांब धरला, चष्मा पुसला.

“ही सही तुमची नाही.”

“माझीच आहे. बँकेत चालते.”

“मग अर्जावरची कोणाची?”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. अर्ज मी भरला होता. पालकाच्या रकान्यात यांचं नाव लिहून खाली यांची सहीही मीच ठोकली होती. प्रगतिपुस्तकांवर, सहलीच्या संमतीवर, रजेच्या चिठ्ठ्यांवर, चार वर्षं मीच यांच्या नावाने सही करत होते. माणूस सहाला घर सोडतो आणि मूल झोपल्यावर परत येतो, त्याची सही कुठे शोधत बसायची? बिल्डिंगमधल्या सगळ्याच बायकांचं तेच.

“ती सही मी केलीय,” मी म्हटलं. “मग मला द्या मतपत्रिका. आत्ता करून दाखवते, तंतोतंत जुळेल.”

“बाई, तुमचं नाव नाही यादीत.”

“आणि यांचं आहे, तर यांची सही चालत नाही.”

“तेच म्हणतोय मी.” ते खरोखर तेच म्हणत होते, अगदी शांतपणे.

मागच्या रांगेतले आणखी तिघे नवरे, खास रजा घेऊन आलेले, याच कारणाने परत फिरले. मत पडलं ते आसपासच्या दुकानदारांचं आणि रात्रपाळीवरून आलेल्या दोघाचौघांचं. वाडीतली बाई तीन मतांनी पडली. दुकानदाराने आभार मानले आणि स्वच्छतागृहाचा विषय दिवाळीनंतरच्या सभेत घेऊ म्हणाला. दिवाळी ऑक्टोबरात होती. घरी येताना हे म्हणाले, “निदान अर्जावर तरी माझ्यासारखी सही करायचीस.” चूक माझीच होती, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीबरोबर शाळेत गेले. हातात बादली, खराटा आणि फिनेलची बाटली. आधी लेखनिकांकडून कोरा अर्ज मागून घेतला, पालकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, खाली माझी सही केली आणि पोच मागितली. मग शिपायाकडे गेले. “चावी द्या. पाणी मी आणते.” त्याने मुख्याध्यापकांच्या खोलीकडे बघितलं. ते अजून आले नव्हते. त्याने चावी दिली. मैदानातल्या नळावरून सहा बादल्या आणल्या, संडास घासून काढला आणि मधली सुट्टी संपेपर्यंत दाराशी उभी राहिले.