वाट चुकलेले काका

मी हे लिहावं की नाही, हेच मला कळत नाहीये. काका युद्धावर गेले तेव्हा माझ्या वडिलांचाही जन्म झाला नव्हता. शिवाय आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. असं लेखन कसं करतात, हे विचारायलाही कोणी नाही. चुकलं तर मोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

गेल्या महिन्यात सुमनकाकू गेल्या. शनिवार पेठेत त्यांच्याकडेच मी खोली घेऊन राहतो. त्यांचे यजमान, म्हणजे काका, मला कळले ते काकूंच्याच बोलण्यातून. काका बॉम्बर विमानात नॅव्हिगेटर होते. एकाहत्तरच्या युद्धात त्यांचं विमान गेलं ते परत आलंच नाही. घरी कळवलं ते एवढंच... बेपत्ता. "विमानाला वाट दाखवायचे, पण मंडईत पाठवलं की भलत्याच दाराने बाहेर पडायचे," काकू सांगायच्या. मी हसलो की म्हणायच्या, "हसतोस काय? अजून सापडली नाहीये त्यांना वाट."

भिंतीवर काकांचा गणवेशातला फोटो आहे. त्याला हार कधीच नव्हता. एकदा मंडळाच्या पोरांनी चौकात काकांचा फ्लेक्स लावला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. काकू जिना उतरून गेल्या. "फोटो छान आलाय. पोचवायला तुम्ही गेला होतात वाटतं?" संध्याकाळपर्यंत त्या दोन शब्दांवर कागद चिकटला होता.

काकूंची नणंद, विमलआत्या, त्याच घरात राहतात. "वहिनी, दादाचं श्राद्ध तरी करू दे गं," त्या दरवर्षी म्हणायच्या. काकू ऐकायच्या नाहीत.

काकू गेल्या त्या सकाळी शेजारच्या बायका अडल्या. हिरवी साडी नेसवून, ओटी भरून सवाष्ण म्हणून न्यायचं, की पांढरी साडी? शेवटी विमलआत्यांनीच कपाटातून हिरवी साडी काढली. "गळ्यात मंगळसूत्र आहे ना तिच्या? मग विचारता काय?"

तेव्हापासून माझा गोंधळ झालाय. काका गेलेत असं आत्या इतकी वर्षं म्हणत होत्या, आणि साडी त्यांनीच काढली. आम्ही खरं वागलो की खोटं?...

परवा काकांच्या स्क्वाड्रनमधले एक वृद्ध गृहस्थ भेटायला येऊन गेले. मी कॉलेजातून आलो तेव्हा आत्या ओट्याशी नुसत्या उभ्या होत्या.

"विमान सापडलं होतं रे. डोंगरात. पायलट आणि दादा, दोघंही त्यातच होते. हे गृहस्थ चार-पाच वर्षांपूर्वी स्वतः येऊन तिला सांगून गेले होते. मी गावी होते तेव्हा. तिने सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि कोणाला सांगू नका म्हणाली."

मी पाठीवरची सॅक खाली ठेवली.

"मी गावाहून आले," आत्या म्हणाल्या, "तर दुसऱ्याच दिवशी मला तुळशीबागेत घेऊन गेली. मंगळसूत्र नव्याने गाठवून घ्यायला."