विजयश्रीच्या नावावर

थेरगावात डांगे चौकाच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीला लागून विजयश्री वाघमोडेचं दुकान आहे. पाटीवर नुसतं 'कॉम्प्युटर दुरुस्ती' लिहिलंय, पण तिथं नवा लॅपटॉप घेऊन कुणी येत नाही. येतात ते वाकडच्या उंच इमारतींतले चाळिशीचे इंजिनिअर. लहानपणी काकाच्या ऑफिसात चोरून खेळलेला गेम त्यांना पुन्हा खेळायचा असतो, आणि तोही त्या काळच्याच मशीनवर. मग विजयश्री कुदळवाडीच्या भंगारातून पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे डबे शोधून आणते. बोर्ड ब्रशने साफ करते, फुगलेले कपॅसिटर बदलते, रॅम वाढवते, साउंड कार्ड बसवते. औशाहून लग्न होऊन आलेली, दहावी शिकलेली ही बाई सोल्डरिंग शिकली चाकणच्या एका कारखान्यात. त्या कारखान्याविषयी मात्र ती कधी बोलत नसे.

गेल्या फेब्रुवारीत वाकडच्या मिहिर नावाच्या गिऱ्हाइकासाठी तिनं एक डबा आणला. झाकण काढलं तर आत बोटभर काळं. आधी तिला धूळ वाटली. ब्रश फिरवला तर ती काजळी निघाली, चिकट, तेलकट. बाहेरची बाजू ओल्या फडक्यानं पुसली तशी पांढऱ्या रंगातली अक्षरं वर आली: 'टेस्टिंग २'. दोनाचं शेपूट वाकडं होतं.

ते वाकडं शेपूट तिनं स्वतःच्या हातानं काढलेलं होतं.

ती स्टुलावर बसली. बाहेर गिरणी चालू होती, ऊन डोक्यावर होतं. मशीन तसंच परत टाकून यावं, असं तिच्या मनात आलं. पण हात ऐकेनात. तिनं वायर जोडली, बटण दाबलं. एकवीस वर्षं मुकी असलेली हार्ड डिस्क खरखरली, दोनदा अडखळली आणि फिरायला लागली. बोर्ड तापला तसा जळका वास दुकानभर पसरला.

डिस्कवर टेस्टिंगच्या फायली होत्या आणि एक गेम. चक्रव्यूहातून वाट काढायचा. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका त्यावर तुटून पडायच्या. तिनं तो चालू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली: 'पुन्हा खेळणार, विजयश्री?'

तिनं कीबोर्डवरून हात मागं घेतला. मग तिनं स्वतःला समजावलं. नाव आपणच टाकलं होतं, गेम शेवटचं नाव लक्षात ठेवतो, एवढंच. गुणांची यादी उघडली. सगळ्यात वर तिचंच नाव, सातवी पातळी. विजयश्री आयुष्यात तिसरीच्या पुढं गेली नव्हती. तिनं त्या यादीची फाइल तपासली. शेवटची नोंद होती ११ मार्च २००४, दुपारी एक बावीसची.

त्या दुपारी विजयश्री आळंदीत, चुलतबहिणीच्या लग्नात पंगतीला बसलेली होती.

झालं होतं असं. रजा मिळेना म्हणून तिनं शेजारच्या सुमनला आपलं हजेरीचं कार्ड दिलं होतं, आणि घरीही ड्युटीवर जाते असंच सांगितलं होतं. सुमनच्या सासूला तिनं कामावर गेलेलं खपत नसे. त्यामुळं घरी शिवणाच्या क्लासला जाते सांगून ती अधूनमधून अशी विजयश्रीच्या नावावर ड्युटी करायची. त्या दिवशी पावणेदोनला केमिकलच्या खोलीत आग लागली. एक बाई सापडली, ओळखू न येण्याइतकी जळालेली. हजेरीवर गणती केली, तेव्हा कमी पडलेलं नाव विजयश्रीचं होतं.

संध्याकाळी ती आळंदीहून परतली तेव्हा तिच्या दारात माणसं जमली होती. सासरे तिच्या नावानं ऊर बडवत होते. केसात गजरा, हातात लग्नातली नारळाची पिशवी, अशी ती अंगणात उभी राहिली आणि तिला पाहून बायका किंचाळून मागं सरल्या.

कंत्राटदार दौलतराव तिला बाजूला घेऊन म्हणाला, "तू आतच होतीस. मागच्या दारानं पळालीस. एवढंच बोलायचं."

"आन् सुमन?"

"कोण सुमन? कार्ड दुसऱ्याला दिलंस म्हटल्यावर पहिली बेडी तुझ्या हातात पडेल. लेकरं हायेत ना तुला?"

ती तेवढंच बोलली. भंगार वेचणारी कुणी असेल म्हणून त्या देहाला बेवारस अग्नी दिला गेला. गल्लीत बोभाटा झाला की सुमन कुणाचा तरी हात धरून पळाली. तिची साक्षी तेव्हा चार वर्षांची होती. 'पळालेलीची पोर' ऐकत ती मोठी झाली. आता चौकातल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती, आणि रोज जाता-येता विजयश्रीला "मावशी, जेवलात का?" विचारायची.

विजयश्रीनं मशीन बंद केलं नाही. दुकानातून फोन लावला. "साक्षी, जरा येऊन जा. आत्ताच."

साक्षी लॅबचा पांढरा कोट घालूनच आली. विजयश्रीनं तिला पडद्यासमोर बसवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही न गाळता. साक्षी रडली नाही. यादीतल्या पहिल्या नावावर तिनं बोट ठेवलं.

"हे तुमचं नाव आहे."

"नाव माझं. खेळली तुझी आई."

"तिला इंग्रजी यायचं?"

"न्हाई. नुसतं एंटर दाबायची. नाव बदलता यायचं न्हाई तिला."

साक्षीनं कीबोर्डवर बोटं ठेवली, पण दाबलं काहीच नाही. "एक बावीस," ती म्हणाली. "म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं होती अजून." मग मान न वळवता तिनं विचारलं, "मावशी, इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी बोलत कशा होतात?"



दुसऱ्या दिवशी दोघी चाकणच्या चौकीत गेल्या. दौलतराव मरून सहा वर्षं झाली होती. हवालदारानं कपाळाला हात लावला, पण जबाब लिहून घेतला. विजयश्रीनं खाली सही केली. जुन्या कागदांत त्या बेवारस देहाची नोंद निघाली. अंगावरच्या वस्तूंत शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान लिहिलेलं होतं. तेवढ्यावर साक्षीच्या बापानं, ती सुमनच, म्हणून मान डोलावली.

मशीन साक्षीनं रिक्षात घालून नेलं. मिहिरला विजयश्रीनं सांगितलं, दुसरं शोधते, वेळ लागेल. महिन्याभरानं सुमनचे दिवस केले, गल्लीला जेवण दिलं. विजयश्रीला बोलावणं नव्हतं. गिरणीवाल्याकडून तिला कळलं. तिनं त्या दिवशी दुकान उघडलं नाही, आणि घरीही कुणाला कारण सांगितलं नाही.

साक्षी आता चौक ओलांडून पलीकडच्या फुटपाथनं जाते.