नेच्याची टोकं

बाईंच्या घरी मला सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलं होतं. पटलं तर पुढे, नाहीतर परत. परत म्हणजे संगमेश्वराजवळच्या आमच्या गावी, जिथे भावाच्या लग्नानंतर मला निजायला जागा उरली नव्हती. मी आठवीत शाळा सोडलेली. अकोल्याच्या मावशीने शब्द टाकला म्हणून अमरावतीजवळच्या भातकुलीतलं हे काम मिळालं. स्वयंपाक करायचा आणि बाईंना सोबत करायची. बाई निवृत्त शिक्षिका, त्यांचे यजमान नुकतेच गेलेले. बसल्या बसल्या त्यांच्या छातीत धडधडायचं. डॉक्टर म्हणाले, मन शांत ठेवा. पुण्याहून मुलाने फोनवर सांगितलं, घरात झाडं ठेव.

"झाडं पाहून धडधड थांबते होय?" बाई म्हणाल्या. पण दुसऱ्याच दिवशी मला म्हणाल्या, "जाय, अमरावतीहून घेऊन ये. लाल-पिवळं नको. डोयाले गार वाटलं पाह्यजे."

इतक्या विश्वासाने माझ्यावर कुणी काही सोपवलं नव्हतं. नर्सरीत मी दोन तास काढले. क्रोटन सोडून दिलं, त्याचे रंग अंगावर येतात. रबराची पानं जाड नि काळपट. मी पानं बोटांनी चाचपून, चक्क गालाला लावून बघत होते. एक पीस लिली घेतली, एक लहान पाम घेतला. आणि मग नेचा दिसला. आमच्याकडे तो विहिरीच्या चिऱ्यांतून उगवतो, कुणी ढुंकून बघत नाही. इथे तो फर्न म्हणून कुंडीत ऐटीत बसलेला. फिका, कोवळा हिरवा. मला गावाकडचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"भातकुलीले नेऊन राहिल्या?" नर्सरीवाला हसला. "पाणी कोणतं देसान?"

मला वाटलं, परकी बघून थट्टा करतोय. पाणी ते पाणी.

कुंड्या बैठकीत ठेवल्या, खिडकीपासून जरा आत. तिसऱ्या दुपारी नेच्याकडे बघता बघता बाईंना खुर्चीतच डोळा लागला. मी भांडी घासायची थांबले, आवाज नको म्हणून.

मग ऊन तापलं, कूलर सुरू झाला. गोडं पाणी नळाला चार-चार दिवसांनी यायचं, ते पिण्या-रांधण्यापुरतं. बाकी सगळं बोअरचं. रोज सकाळी कूलरच्या टाकीत तळाला पाणी उरायचं, ते मी काढून झाडांना घालायचे. वाया कशाला घालवायचं! काटकसर केल्याचं समाधानही वाटायचं.

पंधरा दिवसांत नेच्याची टोकं तपकिरी पडली. मी घाबरले. बाई उठायच्या आत नखं कापायच्या कात्रीने टोकं छाटून टाकली. दुसऱ्या दिवशी नवी करपली, तीही छाटली. लिलीच्या पानांना कापून पुन्हा टोकदार आकार द्यायचे, म्हणजे ओळखू येणार नाही. नेचा दिवसेंदिवस आखूड होत गेला. एकीकडे हात चालायचे, एकीकडे मनात हिशेब चालायचा की झाड मेलं तर बाईंची झोप जाणार, आणि झोप गेली की मी जाणार.

एका सकाळी पाठीमागून आवाज आला, "काय करून राहिली वं?"

कात्री हातातच होती. मी रडतच सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "मला परत पाठवू नका. मी दुसरी आणून देते."

बाई वाकल्या. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं धरली होती, त्यावर बोट फिरवलं नि माझ्यासमोर धरलं. "घे, चाख."

खारट!

"आमचं बोअरचं पाणी खारं. कूलरमंदी पाणी उडून जाते, मीठ खाली तयाले राह्यते. तू रोज झाडाले मीठच चारून राहिली होती." त्या वर्गात सांगावं तसं सांगत होत्या. "तुमच्याकडे पाणी गोडं, तुले कसं मालूम असन? पण महिनाभर एकटी कापत बसली. मले इचारलं काहून नाही?"

मी कात्री खिडकीत ठेवून दिली.

"आता तू भात शिजवतं ना रोज? त्याचं धुवण घालत जाय. ते गोड्या पाण्याचं असते."

इतके दिवस मी भात जरा लपूनच खायचे. त्या घरात भाकरी-पोळी चालायची, आणि मला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे. त्या दिवसापासून तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठू लागलं. पाम गेला. लिली तगली. नेचा मुळाशी तेवढा जिवंत होता, बोटभर.

सहा महिने भरत आले तेव्हा मुलाचा फोन आला. बाई स्पीकरवर बोलायच्या, मला सगळं ऐकू यायचं. तो म्हणाला, "आई, आता शिकलेली एखादी बाई बघू का? नर्सिंग केलेली?"

"तिले इचार, फर्नची कटिंग येते का," बाई म्हणाल्या. "नसन येत तर राहू दे. आमच्या घरची पोरगी लय बारीक करते."

मी पोळी लाटत होते. हसू आवरेना आणि डोळेही पुसता येईनात, हात पिठाचे.

दुपारी घरी फोन लावला. भावाला म्हटलं, माळ्यावरची माझी पत्र्याची पेटी पाठवून दे. तो म्हणाला, एवढ्या लांब? मी म्हटलं, हो, पत्ता लिहून घे.