फेट्याचे वेढे आणि जागे होणारे जनुक

सज्जनहो, आज पेठच्या लग्नघरी जे पाहिले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही!

पुतणी मुक्ता संशोधनासाठी परगावी जाऊ इच्छिते. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचे वडील अप्पा, अडून बसला होता. "काय शिकती ते मला कळू दे, मग जा."

तिने माझ्या उलगडलेल्या फेट्यावर दूरदूर कुंकवाचे दोन ठिपके लावले आणि वेढे देत ते शेजारी आणले. "अप्पा, पेशीत डीएनए असाच गुंडाळलेला असतो. हा ठिपका म्हणजे जनुक, तो दुसरा लांबचा तुकडा. तुकडा जनुकापाशी आला, की जनुक जागं होतं, कामाला लागतं."

"आन् वेढा चुकला तर?"

"नको ते जागं होऊ शकतं. तेच शोधायचंय."

"जा बाई. पण सुट्टीला येऊन पुढचं सांग."

आजवर मी केवळ पोथीतले अक्षर प्रमाण मानले. पण डीएनएत अक्षरांसोबत त्यांचे वेढेही अर्थ ठरवतात, केवढी ही परमेश्वरी योजना! आपल्या लेकी काय शिकतात, हे आपण कधी विचारले आहे का?